मेलेला कोपरा

होळी झाली की नागपुरात गच्चीवरून, माळ्यावरून कूलर खाली उतरतात, ताट्या, म्हणजे पाणी झिरपणारे पॅड, बदलायच्या, पंप फिरतो का बघायचा, खालचा गंज खरवडून ऑइलपेंट मारायचा, घरोघरी तेच चालू असतं. आमचा सीझन मात्र तेव्हा संपत आलेला असतो. मी गेली चौदा वर्षं हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांसाठी पत्र्याच्या वस्तूंचं डिझाईन करते, फ्रीलान्स, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम कूलरचं. कूलर दिवाळीनंतर ठरतो, जानेवारीत सँपल होतो, फेब्रुवारीत पत्रा कापला जातो, त्यानंतर काही बदलायचं म्हटलं तर पुढच्या वर्षी.

यंदाचं मॉडेल मी पहिल्यांदाच सुरुवातीपासून एआय सोबत घेऊन केलं. बॉडीचा आकार, मोटरचा स्टँड, हवेचा रस्ता, सगळ्यात ते होतं. ओळखीतले बरेच जण विचारून राहिले की कसं झालं, आता डिझायनर लागणार की नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

सुरुवात चित्रांपासून झाली. मालकांना आधी लुक हवा असतो. मी चित्र काढणाऱ्या एआयला लिहून दिलं की घरगुती डेझर्ट कूलर, पत्र्याची बॉडी, भारतीय घर, तीन फूट उंच, वगैरे. अर्ध्या तासात चाळीस चित्रं आली. हाताने स्केचिंग करून मी आठवड्याला पाच-सहा देत होते, त्यामुळे वेग बघून मी खरंच चकित झाले, आणि चित्रं देखणीही होती, रंग, सावल्या, सगळं कॅटलॉगमधे छापावं असं. मग मी एकेक मोठं करून बघायला लागले. चाळीसच्या चाळीस कूलर सोफ्याच्या बाजूला, बंद खोलीत उभे. एकालाही वायर नाही. एकालाही पाणी टाकायला तोंड नाही.

आता नागपूरचा माणूस कूलर कुठे ठेवतो? खिडकीच्या बाहेर, लोखंडी स्टँडवर, तोंड आत आणि पाठ उन्हात. त्याला कारण आहे. कूलर हवा थंड करतो ती पाण्याची वाफ करून, एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती हवेतूनच घेतली जाते. पण हवा कोरडी असेल तरच पाणी उडणार. मे महिन्यात ४४ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा २३ च्या आसपास येतो, कूलर हवा फार तर तिथपर्यंत थंड करू शकतो, म्हणजे चांगल्या पॅडचा कूलर २७-२८ डिग्रीची हवा आत फेकू शकतो, विजेच्या मानाने ही केवढी मोठी गोष्ट आहे. तोच कूलर बंद खोलीत सोफ्याजवळ ठेवा, तो खोलीतली तीच तीच हवा पुन्हा ओली करत राहतो, तासाभरात चादर चिकटायला लागते. म्हणूनच जुलैमधे कूलर लावून काही उपयोग नसतो हे इथल्या शाळकरी मुलालाही माहिती आहे. एआयने ज्या लाखो फोटोंवरून शिकून घेतलं त्यात शोरूम आणि जाहिराती भरपूर असणार, त्यामुळे त्याच्या लेखी कूलर म्हणजे घरातली शोभेची वस्तू. मागच्या गल्लीत, सज्जावर, खाऱ्या पाण्याचे पांढरे ओघळ आलेला कूलर त्याने फारसा बघितलेलाच नाही.

त्या चाळीसमधून एक गोष्ट मी घेतली, समोरच्या दोन उभ्या कडा गोलसर वळवलेल्या. आपल्याकडे नव्वद अंशाची तीक्ष्ण कड असते, तिथला पेंट आधी उडतो आणि गंज तिथून सुरू होतो. गोल बेंडने ते थांबतं. ही कल्पना मला चौदा वर्षांत सुचली नव्हती, हे मान्य केलंच पाहिजे.

मग आलं मोटरच्या स्टँडचं काम. इथे थोडं मागे जाऊन सांगते, कारण लोक सगळ्यालाच एआय म्हणतात आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात.

पहिली गोष्ट जुनी आहे. कॉम्प्युटरला सांगायचं की इथे इथे बोल्ट आहेत, इतका भार इथून येणार, एवढ्या जागेत काय ते बसव, आणि मग जिथे ताण येत नाही तिथलं मटेरियल तो काढत काढत जातो. याचं गणित बेंडसो आणि किकुची या दोघांनी १९८८ साली मांडलं. निघणारा आकार हाडासारखा दिसतो, आणि ते सहाजिकच आहे, हाड सुद्धा भार येईल तिथे भरतं आणि नसेल तिथे झिजतं, हे युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने १९व्या शतकातच सांगून ठेवलेलं. त्याच्या शेजारचा एक रस्ता उत्क्रांतीसारखा, म्हणजे शेकडो डिझाईन तयार करायची, वाईट ती टाकायची, चांगल्यांचे संकर करायचे, पुन्हा तेच. २००६ मधे नासाच्या एसटी-५ मोहिमेतले छोटे उपग्रह गेले त्यांच्यावर असा शोधलेला अँटेना होता. फोटो बघा कधी, वाकड्यातिकड्या केलेल्या पेपरक्लिपसारखा दिसतो, कुठल्याही इंजिनिअरने कागदावर काढला नसता. २०१५ मधे एअरबसने ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीसोबत विमानातली एक पार्टिशन भिंत अशी केली, ४५ टक्के हलकी. २०१८ मधे जनरल मोटर्सने सीटबेल्ट जिथे अडकतो तो ब्रॅकेट केला, आधी आठ तुकडे जोडून व्हायचा तो एकाच तुकड्यात आला, वजन ४० टक्के कमी आणि ताकद २० टक्के जास्त.

दुसरी गोष्ट नवी, ती शिकणारी. हवा कशी वाहते, कुठे दाब पडतो याचं पूर्ण गणित सोडवायला कॉम्प्युटरला तास-तास लागतात. अशी काही डझन किंवा काही हजार उत्तरं न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, दाखवली की पुढच्या वेळी तो गणित न सोडवता सेकंदात अंदाज सांगतो. अंदाज हा शब्द मी मुद्दाम वापरते. टोयोटाच्या संशोधन संस्थेने २०२३ मधे दाखवलं की चित्र काढणाऱ्या एआयलाच हवेच्या अवरोधाची अट घालता येते, म्हणजे गाडीचं स्केच निघतानाच ती हवा कमी अडवेल अशी निघते. माझ्या मते खरा बदल इथे आहे. पूर्वी आकार आधी ठरायचा आणि चाचणी महिन्याने व्हायची, आता दोन्ही एकाच टेबलवर, एकाच संध्याकाळी.

तर स्टँड. आमचा जुना स्टँड म्हणजे पट्टीचे चार हात आणि मधे रिंग, त्यात मोटर बसते. मी पहिल्यांदा सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तेव्हा त्याने कमरेच्या हाडासारखा काहीतरी सुंदर आकार दिला, जो थ्रीडी प्रिंट केल्याशिवाय बनणार नाही आणि धातूत प्रिंट करायचा तर एका स्टँडच्या पैशात अख्खा कूलर येतो. मग अट घातली की फक्त लेझरने कापता येईल आणि प्रेसवर वाकवता येईल असाच दे. तेव्हा तीन हातांचा, मधे रुंद आणि टोकाला निमुळता असा आला. प्रत्येक कूलरमागे साधारण पाव किलो पत्रा वाचत होता. हजार कूलर म्हटले तर पाव टन. मालक खूष, मी पण खूष, सँपल कापायला दिलं.

आमच्या शॉपवर एक मिस्त्री काका आहेत, साठीच्या जवळचे, तीस वर्षं कूलर बांधून राहिले. त्यांनी तो स्टँड बॉडीत कसला, मोटर चढवली, आणि पान्याने हातावर एक टोला मारला. मान वाकडी करून ऐकलं. मग म्हणाले, "ताई, हा वाजन बरं."

मी म्हटलं काका, ताकद तपासली आहे, दुप्पट भाराला सुद्धा तुटत नाही.

"तुटते कोन म्हन्ते? वाजन म्हनून राहिलो मी. एक महिना चालू द्या, पात्यावर खार चढला की मंग पाहा."

मी घरी आले आणि रात्री कंपनाचं अ‍ॅनालिसिस लावलं, जे आधी लावलंच नव्हतं. मोटर मिनिटाला १४०० च्या आसपास फिरते, म्हणजे सेकंदाला तेवीसेक फेरे. मोटर धरून त्या स्टँडची स्वतःची कंपनसंख्या, म्हणजे टोला दिला की तो सेकंदाला किती वेळा थरथरतो तो आकडा, निघाली पंचवीसच्या आत. इतकं जवळ असलं की झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का द्यावा तसं होतं, छोटा धक्का मोठा होत जातो. नवीन पातं समतोल असतं तोवर कळणार नाही. पण आपल्याकडे बोअरचं खारं पाणी, तुषार पात्यावर उडतात, वाळतात, एका पात्यावर जास्त थर बसतो, दुसऱ्यावर कमी, तोल गेला की स्टँड थरथरायला लागणार आणि रात्री दोन वाजता अख्खं घर जागं. सॉफ्टवेअर चुकलं असं मी म्हणणार नाही. मी त्याला स्थिर भार दिला होता, त्याने स्थिर भाराचं उत्तम उत्तर दिलं. खाराची अट मी लिहिली नव्हती, कारण ती माझ्या डोक्यात अट म्हणून नव्हतीच. ती काकांच्या कानात होती.

पुन्हा चालवलं, यावेळी कंपनसंख्या पस्तीसच्या वर पाहिजे अशी अट टाकून. हात तीनच राहिले पण त्यांना मधोमध एक उभा कंगोरा आला. पत्र्याची बचत पाव किलोवरून शंभरेक ग्रॅमवर आली. काकांनी पुन्हा पाना मारला आणि यावेळी काही बोलले नाहीत, पुढच्या कामाला लागले. त्यांच्याकडून ही पसंतीच असते.

त्यानंतर मी कामाची पद्धतच बदलली. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या दोन मुली माझ्याकडे इंटर्नशिपला होत्या, त्यांनी कूलरच्या आत हवा कशी फिरते याची साठ-सत्तर सिम्युलेशन रात्र रात्र लावून केली, खिडकीची उंची, पॅडची जाडी, पंख्याचं अंतर बदलून बदलून, आणि त्यावर एक छोटं मॉडेल शिकवलं. मग लॅपटॉपवर तीन स्लायडर, ते सरकवले की हवेचं चित्र लगेच बदलतं, निळं म्हणजे वेग कमी, लाल म्हणजे जास्त. लॅपटॉप मी शॉपवर नेला आणि काकांच्या समोर ठेवला. ते आधी हात लावेनात, ग्रीसचे हात आहेत म्हणाले. मुलींनीच त्यांचा हात धरून माऊसवर ठेवला. दोन-तीन वेळा सरकवल्यावर त्यांनी खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या निळ्या डागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा पाहा मेलेला कोपरा."

तीस वर्षांपासून त्यांना माहिती होतं की त्या कोपऱ्यातली ताटी काळी पडते, शेवाळ धरते, बाकीची दोन सीझन टिकते पण ती तिथून आधी सडते. कारण तिथून हवा ओढलीच जात नाही, पाणी नुसतं उभं राहतं. त्यांनी दोन-तीन मालकांना सांगितलंही होतं. पण मिस्त्रीचं बोलणं ड्रॉइंगपर्यंत पोचत नाही, आणि सिम्युलेशन करणाऱ्याने आतापर्यंत सडलेली ताटी हातात घेतलेली नसते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं म्हणणं आणि माझं चित्र एकाच स्क्रीनवर आलं. मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही, पण डोळे भरून आले होते. मग ते स्वतःच स्लायडर सरकवायला लागले, पंखा दोन इंच खाली घ्या, मागच्या पाट्याला खालून हवेच्या खाचा वाढवा, आणि तासाभरात तो निळा डाग जवळजवळ गेला. मुलींनी शेवटचा आकार पूर्ण गणिताने तपासून घेतला, कारण शिकलेलं मॉडेल त्याने बघितलेल्या आकारांच्या बाहेर गेलं की बिनधास्त चुकीचं सांगतं.

याबाबतीत एक गोष्ट सगळ्या नागपूरकरांना आठवत असेल. मे २०२४ च्या शेवटी इथल्या एका ऑटोमॅटिक हवामान स्टेशनवर ५६ डिग्री नोंदले गेले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. शहराचा विक्रम मे २०१३ चा, ४७.९. आम्हाला पॅडचा आकार ठरवायला तापमानाचे आकडे लागतात, आणि असा एक ५६ निमूट डेटात बसून राहिला तर मॉडेल काही कुरकुर करत नाही, त्याच्यासाठी तो फक्त एक आकडा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, इथे राहिलेल्या माणसाला मात्र तो वाचताच खटकतो.

आता ज्या गोष्टीसाठी मला खरं तर हे सगळं लिहायचं होतं ती. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. दर वर्षी. पेपरात आतल्या पानावर दोन इंचाची बातमी असते, पाणी भरताना शॉक लागला, खेळताना मुलाचा हात लागला. लोखंडी बॉडी, त्यात पाणी, पाण्यात बुडालेला पंप, पंपाच्या वायरचं कव्हर उन्हाने तडकलेलं, आणि अर्थिंग एकतर नाही किंवा तीन पिनच्या प्लगची मोठी पिन काढून टाकलेली. मी लहान असताना आमच्या गल्लीत असं झालेलं आहे आणि तेव्हापासून कूलर माझ्यासाठी नुसती वस्तू नाही.

मी एका चॅटवाल्या एआयला विचारलं की कूलरच्या सुरक्षेची यादी दे. यादी चांगली दिली, अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा ट्रिप होणारा स्विच, वायर पाण्याच्या पातळीच्या वर, इन्सुलेशनची चाचणी, सगळं बरोबर. पण सगळं वस्तूबद्दल, वस्तूपाशी उभ्या असलेल्या बाईबद्दल काहीच नाही. मी आणि त्या दोन मुली मग पाच-सहा घरी गेलो, कूलर कोण भरतं, कसं भरतं ते बघायला. जवळजवळ सगळीकडे घरातली बाईच भरत होती, बादलीने, अनवाणी, ओल्या फरशीवर, एका हाताने बादली आणि दुसरा हात आधाराला कूलरच्या बॉडीवर. बटण चालूच, कारण बंद करायचं बटण खोलीच्या आत आणि ती बाहेर गॅलरीत. एक मावशी म्हणाल्या, "बंद करून भरा म्हनते सगळे, पण आत जा, बाहेर या, तेवढ्यात नळ जाते ना बाई." नळ जाणं ही सुद्धा डिझाईनची अट आहे, हे मला तोवर कुठल्याच सॉफ्टवेअरने किंवा कॉलेजने शिकवलं नव्हतं.

म्हणून यंदाच्या मॉडेलमधे पाणी टाकायचं तोंड बाजूला, कमरेच्या उंचीवर, प्लास्टिकचं, बॉडीपासून चार इंच बाहेर आलेलं. आधाराला हात ठेवायचा तर तोंडाशेजारी प्लास्टिकचीच मूठ. झाकण उघडलं की आतला स्विच पंप आणि पंखा दोन्ही बंद करतो, झाकण लावलं की चालू, आत जायचं काम नाही. वायर वरून बाहेर येते, भोकाला रबरी बुश, आणि अर्थिंगचा बोल्ट बाहेरून दिसेल असा, हिरव्या रंगाने. ह्यातलं एकही काही मोठं संशोधन नाही. झाकणाच्या स्विचची कल्पना अर्धी एआयची आहे हेही सांगते, मी त्याला मावशींची अडचण जशीच्या तशी मराठीत लिहून दिली तेव्हा त्याने सुचवलेल्या सात-आठ उपायांत तो होता. अडचण नीट सांगितली तर ते फार चांगलं काम करतं. पण ती अडचण गॅलरीत उभं राहून बघावी लागली.

आता पैशाचं. एका जुन्या क्लायंटने मला फोन करून सांगितलं की आता एआयच करतं ना सगळं, डिझाईनचे अर्धे घ्या. मी नाही म्हटलं आणि काम गेलं. मला वाईट वाटलं, कारण तिथले कामगार माझ्या ओळखीचे आहेत. पण मला ठामपणे वाटतं की उलट झालं पाहिजे. आकार काढणं आता स्वस्त झालं, ते खरं आहे, माझे ड्रॉइंगचे तास निम्मे झालेत. मग वाचलेला वेळ आणि पैसा अटी गोळा करण्यात गेला पाहिजे, आणि त्या अटी ज्यांच्याजवळ आहेत त्यांना त्याचा वाटा मिळाला पाहिजे. काकांचा तो एक टोला वाया गेला असता तर सीझनभर तक्रारी आल्या असत्या. यंदा मी मालकांकडून त्यांच्यासाठी डिझाईनच्या बिलात वेगळी ओळ टाकून घेतली, रक्कम फार नाही, पण ओळ आहे. आणि आमच्या अटींच्या शीटमधे प्रत्येक अटीपुढे एक रकाना केलाय, कोणी सांगितलं. कंपनसंख्या, मिस्त्री काका. डावा कोपरा, मिस्त्री काका. पाण्याचं तोंड, मावशी. गोल कडा, एआय. मुलींची नावं हवेच्या सगळ्या ओळींपुढे.

सँपल तयार आहे. या रविवारी ते काकांच्याच घरी लावणार आहोत, खिडकीबाहेर, पश्चिमेच्या उन्हात, बोअरच्या पाण्यावर. रोज पाणी त्यांच्या सूनबाई भरणार. मी त्यांना माझा नंबर दिलाय आणि सांगितलंय की जिथे हात खरचटेल, जिथे वैताग येईल, तिथून लगेच फोन करा, रात्री वाजला तर रात्री. त्यांनी सँपल एकदा सगळीकडून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला की झाकण उघडायला दोन हात लागतात, मग बादली कुठे ठेवू. शीटमधे एक ओळ वाढवली आहे, पुढे त्यांचं नाव.